एक मेज कधी होणार?

प्रिय सायमन,

जय ख्रिस्त. तू लिहिलंस की कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं पाचशे वर्षांपूर्वीचं भांडण आता कशाला उगाळायचं, सगळे ख्रिस्तीच ना आपण. तुझा हेतू कळतो रे, पण भांडण क्षुल्लक होतं असं मी म्हणणार नाही, त्यापायी माणसं जिवानिशी गेलीत.

मूळ प्रश्न काय होता तर पापी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कशाने? प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर म्हणाला केवळ विश्वासाने, आणि कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये त्या शिकवणीवर शाप उच्चारले, म्हणजे तिचा अधिकृत धिक्कार केला. आणि याच मुद्द्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये व्हॅटिकन आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन (ल्यूथरपंथी चर्चेसचा जागतिक संघ) यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या! आपल्या पुण्याईने नाही तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी तयार करतो, हे दोघांनी मिळून कबूल केलं. मग इतर प्रोटेस्टंट पंथही त्यात सामील झाले, २००६ ला मेथडिस्ट, २०१७ ला विटेनबर्गमध्ये रिफॉर्म्ड. सगळे बारकावे मिटले नाहीत, पण ते जुने शाप या शिकवणीला लागू नाहीत हे लेखी आहे. एवढी मोठी गोष्ट, आणि ना तुमच्या पॅरिशमध्ये कोणाला माहीत ना आमच्या प्रोटेस्टंट सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग अडलंय कुठे? प्रभुभोजनाच्या, म्हणजे कम्युनियनच्या मेजाशी. तुझ्या बहिणीच्या लग्नात वसईला सगळे कम्युनियनला उठले तेव्हा मी पण रांगेत आलो, हात छातीवर आडवे धरून, फादरांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि मी तसाच परत बाकावर. राग नाही आला, पण पोटात तुटलं. तारणाबद्दल एकमत झालं तरी आमच्या पाळकांची दीक्षा तुमचं चर्च ग्राह्य धरत नाही, अँग्लिकनांची (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांची) तर १८९६ ला तेराव्या लिओ पोपनी रद्दबातलच ठरवली, आणि दीक्षा नाही तर प्रभुभोजन पूर्ण नाही असं ते गणित. २०१५ ला रोममधल्या लुथरन चर्चमध्ये एका बाईंनी पोप फ्रान्सिसना हेच विचारलं, नवरा कॅथलिक, एकत्र कम्युनियन कधी घेणार? त्यांनी सरळ परवानगी दिली नाही, प्रभूशी बोला आणि पुढे चला म्हणाले.

मला नियम मोडून घास नकोय सायमन. तुमचा नियम श्रद्धेतून आलाय हे मी मानतो. पण आमच्या पाळकांच्या हातून जे मिळतं ते अपुरं आहे हे मी कधीच मान्य करणार नाही, आणि हे तुला तोंडावर सांगता येतं म्हणूनच आपली मैत्री आहे.

१८ ते २५ जानेवारी ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो, तुमच्या फादरांना विचार ना, ते घोषणापत्र दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र बसून वाचायचं का? मी येतो. कळव लवकर.

तुझा,
प्रकाश