निजामुद्दीनला जाशील तेव्हा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी मैत्रिणींबरोबर दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या दर्ग्यात कव्वाली ऐकायला जाणार असं कळवलंस, म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर सांगायला घेतलं की तू नुसतं "हं, हं" करतेस. तुला कव्वाली म्हणजे 'रॉकस्टार'मधलं 'कुन फाया कुन' ठाऊक. वाईट नाही. रहमानचं ते गाणं चित्रित झालं तेही त्याच दर्ग्यात. पण अंगणात बसलीस की एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. कव्वाल आपल्यासाठी गातच नसतात. मजारीकडे, म्हणजे कबरीकडे, तोंड करून बसतात आणि तिथे विसावलेल्या सूफी संत निजामुद्दीन औलियांना ऐकवतात. आपण आपलं कडेला बसून कान द्यायचा.

सुफींच्या बैठकांतलं गाणं जुनंच, बगदाद-इराणकडचं. हिंदुस्थानात ते उचलून धरलं औलियांच्या चिश्ती या सूफी पंथाच्या मंडळींनी, तेही उलेमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, रोष पत्करून. खुद्द औलियांना घियासुद्दीन तुघलकापुढे त्याबद्दल जाब द्यावा लागला होता. अमीर खुसरो हा त्यांचा लाडका शिष्य, फारसीतला मोठा कवी. कव्वाल आपली परंपरा त्याच्यापासून सांगतात. गुरू-शिष्य दोघेही १३२५ साली गेले, काही महिन्यांच्या अंतराने. खुसरोची कबर त्याच आवारात आहे. (सतार नि तबलाही त्यानेच शोधला, असं तिथे कुणीतरी सांगेल. मान डोलाव आणि सोडून दे.)

आता ऐकायचं काय? 'गिरह' ऐक. मुख्य कव्वाल एक ओळ धरतो. ती चालू असताना मधेच दुसऱ्याच कुणाचा शेर, नाहीतर एखादा ब्रजभाषेतला दोहा आणून तिला बांधतो आणि नेमका मूळ ओळीवर येऊन पडतो. मागचे टाळ्या देणारे ती ओळ झेलतात. कीर्तनकार दाखल्यामागून दाखले देत पुन्हा अभंगाच्या चरणावर येतो ना, तसंच. आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाला एखाद्या ओळीवर 'हाल' आला, म्हणजे भान हरपून तो उठला, घुमायला लागला, तर कव्वालाने पुढे सरकायचं नाही. तो भानावर येईपर्यंत तीच ओळ फिरवत राहायचं. दिल्लीतल्याच मेहरौलीचे सूफी संत कुतबुद्दीन बख्तियार काकी १२३५ साली एका फारसी शेरावर असे बेभान झाले ते परत आलेच नाहीत, चौथ्या दिवशी गेले, असं परंपरा सांगते. थोडक्यात, कव्वाली कुठे थांबायची ते गाणारा ठरवत नाही, ऐकणारा ठरवतो.

सिनेमाची पंचाईत झाली ती इथेच. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, तिच्यात हाल यायचा कुणाला आणि कधी? मग सिनेमाने ऐकणाऱ्याला उठवलं आणि त्याच्या जागी प्रतिस्पर्धी आणून बसवला. दोन पार्ट्या, सवाल-जवाब, टोमणे, रुसवे. इश्क राहिला, पण तो शेजारच्या गादीवर बसलेल्या माणसावरचा. जाणकार यावर नाकं मुरडतात. मी नाही मुरडत, कारण या भानगडीत बायकांना गायला मिळालं.

दर्ग्यात रिवाजाने पुरुषच गातात. आणि सिनेमातली गाजलेली कव्वाली कुठली, तर १९४५च्या 'झीनत'मधली 'आहें ना भरीं', सगळी बायकांची! गळे नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांचे. पडद्यावरच्या घोळक्यात दोन नवख्या मुली होत्या, आपल्या सोलापूरची शशिकला आणि लहानगी श्यामा. पंधरा वर्षांनी हीच श्यामा 'बरसात की रात'मध्ये कव्वालीचा फड गाजवताना दिसते.

ते १९६० साल काही औरच होतं. 'मुग़ल-ए-आज़म'मध्ये लता आणि शमशाद बेगम यांचा सामना. सलीम निकाल देतो तो असा की अनारकलीची प्रतिस्पर्धी बहार हिला फूल आणि अनारकलीला काटे. ती म्हणते, काट्यांना निदान कोमेजायची धास्ती नसते. आणि 'बरसात की रात'ची 'ना तो कारवाँ की तलाश है' तर सलग बारा मिनिटांच्या आसपास चालते. संगीत रोशनचं, शब्द साहिरचे. सुरुवात मुकाबल्याने होते, पण रफी-मन्ना डे चढत जातात तसतसं कोण हरलं, कोण जिंकलं हे विसरायला होतं. राधा येते, कृष्ण येतो, गौतम बुद्ध येतो, आणि प्रियकराचा इश्क सरळ देवाच्या इश्काला जाऊन भिडतो. साहिर पक्का नास्तिक, बरं का! तरी दर्ग्याच्या इतक्या जवळ दुसरी कुठलीच फिल्मी कव्वाली गेली नाही, असं माझं मत आहे. वडिलांचं मत 'वक़्त'च्या 'ऐ मेरी ज़ोहरा-जबीं'ला, पण तो हट्ट निराळ्या कारणाने आहे.

सत्तरीनंतर फिल्मी कव्वाली मुसलमान पात्राची ओळखपाटीच झाली. टोपी, जाळीचा रुमाल, टाळ्या. 'अमर अकबर अँथनी'तली 'परदा है परदा' मलाही आवडते, खोटं कशाला बोलू, पण त्यात गिरह शोधू नकोस. पुढे पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खानसाहेबांची लाट आली, मागून रहमान, आणि सिनेमा पुन्हा दर्ग्याच्या पायरीशी आला.

बाकी, डोकं झाकायला ओढणी ने. नजराण्याला सुट्ट्या नोटा ठेव. बायकांना मजारीच्या आत सोडत नाहीत. पुण्यात शिकणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थिनी यावर २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. मलाही ते पटत नाही, पण तू त्या संध्याकाळी वाद घालत बसू नकोस. बैठक 'रंग', म्हणजे खुसरोच्या नावावरचं 'आज रंग है', गाऊन संपवायची जुनी रीत आहे. तोवर उठू नका, मेट्रो त्यानंतरही मिळते.

तुझी,
आई