मूल सांभाळणाऱ्या बाईचा नंबर कधी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लस अपुरी असली की प्राधान्यगटांची यादी निघते. तिच्यात शिक्षक असतात, पाळणाघरातल्या सेविकाही असतात. पण चोवीस तास घरी राहून मूल सांभाळणारी बाई बहुतेकदा सुटते. ती ना कुटुंबात धरली जाते, ना कर्मचाऱ्यांत.

आरोग्य कर्मचारी आणि वृद्ध यांच्या आधी तिला लस द्या, असं आमचं म्हणणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये कोविडसाठी त्यांना पुढे ठेवलं, ते योग्यच होतं. पण शिक्षकांच्या बरोबरीने तिचा नंबर लागावा, आणि हातात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्यांच्याही आधी.

कारण त्या वयात फ्लूची लस देताच येत नाही. डांग्या खोकल्याची पहिली मात्रा सहा आठवड्यांनी मिळते, आणि एका मात्रेने भागत नाही. गोवराची लस नवव्या किंवा बाराव्या महिन्यात. मोठ्या माणसाचा डांग्या खोकला नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो; तान्ह्या बाळाचा मात्र उबळ न येताही श्वास थांबू शकतो, ओठ निळे पडतात. ढेकर काढायला बाळ खांद्यावर घेतलं की दोघांच्या तोंडात वीतभरही अंतर राहत नाही, आणि हे रात्रीतून तीन-चार वेळा. शिक्षकाचा तीस मुलांशी संबंध येतो हे खरं, पण इतक्या जवळून नाही.

यादीत नाव घातलं म्हणजे लस मिळाली असं होत नाही. मालकाचं पत्र सक्तीचं केलं तर ज्याला सुट्टी द्यायची नाही तो पत्रच देणार नाही. त्यापेक्षा तिचं स्वतःचं लेखी निवेदन आणि बाळाचं लसीकरण कार्ड पुरेसं मानावं. बाळाला डोस द्यायला पुष्कळदा तीच घेऊन येते. तिथेच तिची नोंद करून घ्यावी. मोबाइल नंबर तिचाच लिहावा. मालकाचा लिहिला आणि मधेच तिने काम सोडलं, तर दुसऱ्या डोसची आठवण जुन्या घरी जाते आणि डोस राहून जातो. प्रमाणपत्रही तिच्याच हाती द्यावं.

वेळेचं गणितही सांभाळायला हवं. डांग्या खोकल्याची लस परिणामकारक व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ती कामावर रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी घ्यावी. गोवराच्या दोन मात्रांत किमान चार आठवडे हवेत. ही जिवंत विषाणूची लस गरोदरपणात देत नाहीत, तेव्हा ते आधी विचारावं, तेही मालकिणीसमोर नव्हे.

लशीनंतर एक-दोन दिवस कणकण, दंडदुखी होऊ शकते. त्या रात्री बाळाला कोण उचलणार हे आधी ठरवावं, आणि त्या दिवसांचा पगार कापू नये. पगार कापला जाईल या धास्तीनेच दुसरा डोस पुढे ढकलला जातो.

आपल्या,
बाल लसीकरणाचं काम करणाऱ्या काही वाचक