पायरीचा स्विच लावून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हत्यारांची पेटी उचलून निघालात तेव्हा माझ्या तोंडून फक्त "थँक्यू काका" एवढंच निघालं. घसा दाटून आला होता, आणि आई शेजारीच उभी असल्यामुळे मला रडायचं नव्हतं. तुमचा नंबर घ्यायचंही सुचलं नाही. त्याला आता तीन महिने झाले. बोलायचं राहून गेलेलं सगळं अजून तसंच साठून आहे, म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. तुमच्या ओळखीचं कुणी वाचलं तर तुम्हाला सांगेल.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. आमच्या कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, दाराखाली विजेवर चालणारी पायरी आहे. दार उघडलं की ती बाहेर येते, दार लागलं की आत जाते. दारात एक चुंबक, चौकटीत त्याच्यासमोर एक छोटा सेन्सर आणि गाडीखाली १२ व्होल्टची मोटर. जमिनीपासून व्हॅनच्या तळापर्यंतची उंची ५८ सेंटीमीटर आहे. धडधाकट माणूस उडी मारून उतरेल, पण एकाहत्तर वर्षांच्या बाईला ती पायरी हवीच.

आणि त्याच पायरीनं आईला पाडलं. संध्याकाळची वेळ होती. आत डास नकोत म्हणून तिनं पायरीवर उभं राहूनच मागे हात करून दार लोटलं. कुठलीही टापटिपीची बाई करेल तेच तिनं केलं. चुंबक सेन्सरसमोर आला आणि पायरी तिच्या पायाखालून आत सरकायला लागली. पायरीवर कुणी उभं आहे की नाही हे त्या यंत्राला कळत नाही, त्याला फक्त दार कळतं. आईचं उजवं मनगट मोडलं. मनगट सहा आठवड्यांत जुळलं, पण दारात उभं राहिल्यावर पाय थरथरायचा तो काही थांबेना. तिनं बाहेर पडणंच कमी केलं. खिडकीशी बसून राहायची आणि "तुम्ही या फिरून" म्हणायची.

मी मदत मागितली नाही असं नाही, काका. पहिल्या वर्कशॉपमध्ये गाडी दोन दिवस ठेवली. ती परत देताना तिथला माणूस म्हणाला, "पायरीत काहीच बिघाड नाही, ती अशीच चालते. आईंना जरा जपून उतरायला सांगा." हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. जिचा हात प्लास्टरमध्ये आहे, तिलाच जपून वागायचा सल्ला! दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, पायरीचा फ्यूज काढून टाका आणि स्टूल वापरा. आम्ही बरेच दिवस स्टूल वापरलं. मऊ जमिनीवर त्याचा एक पाय रुतायचा आणि आईचा चेहरा पांढरा पडायचा.

तिसऱ्यानं मात्र काम केलं, आणि त्याचा राग मला सगळ्यांत जास्त आहे. त्यानं मोटरकडे जाणारी मुख्य वायरच तोडून मध्ये स्विच बसवला. पायरी बाहेर असताना स्विच बंद केला की ती बाहेरच राहायची. त्याचं म्हणणं एवढंच, की "आता हलणार नाही." चौथ्याच दिवशी स्विच चालू करायचा राहिला, मी गाडी सुरू केली आणि निघाले. पायरी बाहेरच होती. वळणावर ती दगडी कठड्याला घासली आणि तिची कड वाकली. त्या जागी एखादा सायकलवाला असता तर? हा विचार मनात आला की अजूनही पोटात खड्डा पडतो. स्विच माझ्याकडून राहिला हे खरं. पण माणूस विसरतो हे धरूनच असं काम करायला हवं ना? हे मला नंतर तुमच्याकडून कळलं.

तुम्ही शेजारच्या गाडीत होतात. आई चौकट घट्ट धरून, पाठमोरी, स्टुलावर पाय टेकत उतरत होती ते तुम्ही पाहिलंत. थोड्या वेळानं येऊन विचारलंत, "पायरी असताना स्टूल का?" मी सगळं सांगितलं, आणि मधे एकदाही न तोडता तुम्ही ऐकून घेतलंत. मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलात, पण पायरीला हात लावायच्या आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवलात. "पायरीच्या या कात्रीसारख्या सांध्यात बोट सापडलं तर मोटर सोडत नाही," म्हणालात. बराच वेळ खालून फक्त ब्रशचा आवाज येत होता. सांध्यांत वाळू आणि वाळलेला चिखल इतका बसला होता, की मोटर रोजच जोर लावत होती.

वर आल्यावर तुम्ही तिसऱ्यानं लावलेला तो स्विच काढून टाकलात आणि मोटरची वायर नीट सांधलीत. नवा स्विच मोटरवर नाही, सेन्सरच्या वायरवर लावायचा, असं म्हणालात. मला काही कळलं नव्हतं. आईला कळलं.

इथे आईबद्दल सांगायला हवं. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. ती ऑपरेटर होती आणि पलीकडच्या खोलीत स्ट्रोजर यंत्रणेची, म्हणजे फोन आपोआप जोडणाऱ्या जुन्या यंत्रांची, टकटक दिवसभर चालायची. कुणी तिला यंत्रातलं काही समजावायला लागलं की मीच मधे पडून म्हणायचे, "आईला नका सांगू, मला सांगा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सेन्सर हातात धरून थेट तिलाच म्हणालात, "यात काचेची नळी आहे, तिच्यात दोन पातळ पात्या. चुंबक जवळ आलं की पात्या जुळतात." त्यावर आई म्हणाली, "म्हणजे रीड. आमच्याकडे नंतर आले होते ते." तुमचा चेहरा खुलला. तुम्ही तिला सांगितलंत, की हा रीड स्विच १९३६ साली बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत तयार झाला, म्हणजे तो तिच्याच खात्यातला. कितीतरी महिन्यांनी मी तिला मोकळं हसताना पाहिलं.

मग तुम्ही दोघं बोलत राहिलात आणि मी ऐकत राहिले. त्या पातळ पात्यांतून जेमतेम इशाऱ्यापुरता प्रवाह जातो, मोटरचा भार त्यांच्यावर कधीच येत नाही. दार लागलं की पात्या जुळतात आणि कंट्रोलच्या डब्याला कळतं की पायरी आत घ्यायची. त्या वायरच्या मधे स्विच घालून ती तोडली, की डब्याला वाटतं दार अजून उघडंच आहे, म्हणून पायरी बाहेर थांबते. एवढ्यावर काम झालं असतं. मी तर लगेच "मग लावून टाका" म्हणाले होते.

तुम्ही थांबलात. म्हणालात, "आणि स्विच तसाच राहिला, नि तुम्ही निघालात तर?"

तिसऱ्या माणसाची गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती, पण तुम्ही ती माझी चूक म्हणून ऐकली नव्हती. पुन्हा कुणाकडूनही होईल अशी गोष्ट म्हणून ऐकली होती. तुम्ही पेटीतून एक रिले काढलात, म्हणजे वेटोळ्यात वीज आली की आपोआप जुळणारा छोटा स्विच. त्याचं वेटोळं इग्निशनच्या वायरवर आणि त्याची ३० आणि ८७ ही टोकं आईच्या स्विचला समांतर. किल्ली फिरली की रिले ओढला जातो आणि स्विच कुठेही असला तरी सेन्सरची वायर पुन्हा अखंड होते. दार लागलेलं असेल तर पायरी आत जाते. म्हणजे गाडी उभी असेपर्यंत आईचं चालतं आणि किल्ली फिरली की गाडीचं. हे शब्द आईचे आहेत, तुम्ही मान डोलावलीत.

पण मला ज्यासाठी लिहायचं होतं ते याच्यानंतरचं.

स्विच कुठे बसवायचा असा प्रश्न आला. मी ओट्यावरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. बाकीचे सगळे स्विच तिथेच आहेत, रांगेत आणि नीटनेटके, वायरही तिथून सोपी. तुम्ही म्हणालात, "थांबा. आई, तुम्ही सांगा." आई गोंधळली. गेले कित्येक महिने तिच्या पायाबद्दल, हाताबद्दल आणि पायरीबद्दल सगळे माझ्याशी बोलत होते. डॉक्टर, वर्कशॉपवाले, नातेवाईक आणि मीसुद्धा. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "कुठेही चालेल." तुम्ही म्हणालात, "कुठेही नको. डोळे मिटा आणि उतरायला निघाल्यासारखं करा. हात कुठे जातो ते बघू."

तिनं डोळे मिटले. मोडलेल्या हातावर अजून तिचा भरवसा नव्हता, म्हणून डावा हात पुढे आला आणि दाराच्या कडेला, कमरेपेक्षा जरा वर, भिंतीला टेकला. तुम्ही कानामागची पेन्सिल काढून तिच्या बोटापाशी एक टिंब काढलंत. "पुन्हा एकदा," म्हणालात. दुसरं टिंब. "अजून एकदा." तिसरं. तिन्ही टिंबं हातभर लांब नव्हती, दोन बोटांच्या अंतरात होती. त्या तिघांच्या मधोमध तुम्ही भोक पाडलंत.

काका, ते पाहताना माझ्या लक्षात आलं, की मी माझ्या आईसाठी इतकी धावपळ केली, पण तिचा हात कुठे जातो हे कधी पाहिलंच नव्हतं. मी तिला मधे ठेवून जगाशी भांडत होते. तुम्ही दहा मिनिटांच्या ओळखीत तिच्याशी बोललात. वायर जोडणारे पुष्कळ भेटतील. ती तीन टिंबं काढणारा माणूस मला तुमच्या रूपात पहिल्यांदा भेटला.

स्विचही तुम्ही दांडीचा निवडलात, अंधारात नुसत्या स्पर्शानं कळावा म्हणून. वर म्हणजे पायरी थांबलेली, खाली म्हणजे नेहमीसारखी. मग आईला पायरीवर न चढवता आधी स्वतः उभे राहिलात, दोनदा दार लावून पाहिलंत, मग तिला बोलावलंत. ती उभी राहिली, तिनं मागे हात करून दार लोटलं, अगदी त्या संध्याकाळसारखं. पायरी हलली नाही. आई तशीच उभी राहिली, मला वाटतं मिनिटभर तरी. तुम्ही घाई केली नाहीत. हातही पुढे केला नाहीत, फक्त जवळ उभे होतात.

निघताना तुम्ही जोडणीची आकृती एका कागदावर काढून फ्यूजच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलीत. कुठल्या रंगाची वायर कुठे जाते, रिले कुठल्या पॅनेलमागे आहे, सगळं स्वच्छ अक्षरात. "उद्या दुसरा कुणी उघडेल, त्याला चाचपडायला लागू नये," म्हणालात. त्या दुसऱ्या कुणाला तुम्ही ओळखतही नाही. मी तेव्हापासून हा विचार करते आहे, की चांगुलपणा म्हणतात तो बहुतेक असाच असतो. तो कुणी पाहत नसताना झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. ज्या तीन ठिकाणी मी आधी गेले तिथेही हुशार माणसं होती, हत्यारं तुमच्यापेक्षा जास्त होती. त्यांच्याकडे अर्धा तास थांबून ऐकायची तयारी नव्हती, एवढाच फरक होता, आणि माझ्या आईच्या दृष्टीनं तो फार मोठा होता.

तुम्ही सांगितलेलं सगळं आम्ही पाळतो. पायरीच्या सांध्यांत वाळू साठू द्यायची नाही असं म्हणाला होतात, तर दर रविवारी आई स्वतः खाली बसून ब्रश मारते, मला मारू देत नाही. वाकलेली कड मी सरळ करून घेतली. ती तीन टिंबं अजून स्विचभोवती दिसतात. एकदा भिंत पुसताना माझा फडका तिकडे गेला, तर ती आतून ओरडली.

आणि एक गोष्ट तुम्ही फक्त मला, बाजूला घेऊन सांगितली होती. स्विच वर असला तरी किल्ली फिरवली की पायरी आत जाणारच, त्यामुळे आई पायरीवर असताना किल्लीला हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. "हे काम रिले करू शकत नाही, तुम्हालाच करायचं आहे," म्हणाला होतात. रोज करते, काका. बसते, पट्टा लावते, किल्ली हातात घेते आणि विचारते, "आई?"

मागून उत्तर येतं, "आत आहे गं. लाव."

मग किल्ली फिरते, पॅनेलमागे रिलेचा टक असा आवाज होतो, आणि आई दर वेळी म्हणते, "लागला."

तुमची कृतज्ञ,
आणि आईचा वेगळा नमस्कार