आडनावातले गाव नीट वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला आणि शिमग्याला कोकणात येणारी चाकरमानी मंडळी हल्ली आपल्या मूळ गावाची चौकशी करू लागली आहेत, याचे मनापासून स्वागत करायला हवे. मात्र आडनावातला ‘कर’ काढायचा, उरलेला शब्द नकाशात शोधायचा, एवढ्यावर हा शोध संपत नाही. उलट तिथेच तो चुकतो.

गावाच्या नावाला ‘कर’ लागताना नावाचे रूप बदलते. शेवटी ‘आ’ असला तर त्याचा ‘ए’ होतो, म्हणून आचऱ्याचे आचरेकर, वेंगुर्ल्याचे वेंगुर्लेकर, लांज्याचे लांजेकर. शेवटी मुळातच ‘ए’ असला तर तो तसाच राहतो, जसे परुळेकर, जामसंडेकर. म्हणजे आडनावात ‘एकर’ ऐकू आले तर गावाची दोन्ही रूपे धरून शोधावे लागते. शेवटची ‘ई’ बहुधा गळते: खानोलीचे खानोलकर, हडीचे हडकर. ‘तेंडुल’ नावाचे गाव शोधण्यात वेळ घालवू नये, कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीवरून तेंडोलकर झाले आणि बोलण्यात त्याचेच तेंडुलकर. पण पणजीकरांत आणि रत्नागिरीकरांत ‘ई’ टिकली आहे, आणि शिरोड्याचे शिरोडेकर न होता शिरोडकर झाले आहेत. नियम वाट दाखवतो, मुक्कामाला पोचवतोच असे नाही.

डॉ. बाबासाहेबांचे आडनाव याचे सर्वात मोठे उदाहरण. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आडनाव व्हायचे तर आंबडवेकर व्हायला हवे. साताऱ्याच्या शाळेतली ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद मात्र ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी आहे. हा इतिहास ठाऊक नसता आणि कुणी नुसता ‘कर’ काढून निघाला असता, तर तो संगमेश्वर तालुक्यातल्या आंबेड गावात पोचला असता.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. गावाचे नाव माणसाला चिकटते ते त्याने गाव सोडल्यावर. आंबडव्यात राहणाऱ्याला आंबडवेकर म्हणवून घेण्याचे कारण नसते, तिथे तो सकपाळच असतो. साताऱ्यात, मुंबईत, पलटणीत किंवा गिरणीत ‘कुठला?’ असे विचारल्यावर गाव पुढे येते आणि मास्तर किंवा कारकून तेच लिहून घेतो. म्हणून मूळ गावच्या जुन्या कागदांत ‘कर’वाले आडनाव न मिळाल्यास निराश होऊ नये. तिथे परब, सावंत, राणे, सकपाळ असे आधीचे आडनाव असण्याची शक्यता मोठी. ते घरातल्या जाणत्यांकडून आधी विचारून घ्यावे.

एकाच नावाची गावे हा वेगळाच घोळ. शिरोडा वेंगुर्ला तालुक्यात आहे आणि गोव्यात फोंडा तालुक्यातही. मुरूड दापोलीजवळ आहे आणि जंजिऱ्याजवळही. माणगाव कुडाळ तालुक्यात आणि रायगडातही. अशा वेळी लोक कुलदैवतावरून निवाडा करतात, पण त्यातही फसगत होते. पोर्तुगीज अमलात देव हलवावे लागले (मंगेशी १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला), माणसेही हलली, आणि पुष्कळ घराण्यांनी पुढच्या मुक्कामाच्या गावाचे नाव घेतले. कुलदैवत गोव्यात आणि आडनावाचे गाव सिंधुदुर्गात, हे अगदी नेहमीचे आहे. त्यापेक्षा ग्रामदेवतेची ओटी कुठे भरतात, गावऱ्हाटीत (गावाच्या देवकार्याच्या परंपरागत व्यवस्थेत) घराचा मान कोणता, शिमग्याची पालखी कुठल्या वाडीत घरी येते, हे विचारावे. त्यातून गावच काय, वाडीही कळते.

आडनावावरून जात ओळखण्याचा खटाटोप तर सोडूनच द्यावा. काळसेकर हिंदू आहेत आणि कोकणी मुसलमानही. अष्टागर (अलिबागचा किनारी भाग) आणि आसपासच्या बेने इस्राएल या ज्यू समाजात किहीमकर, आवासकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे आहेत. त्यांच्यातल्या चेऊलकर या आडनावात चौलचा जुना उच्चार अजून जिवंत आहे. भांडारकर, वाडकर, कोंडकर यांसारख्या आडनावांत मात्र विशिष्ट गाव शोधू नये. पहिले कामावरून आले, बाकीची वाडीवरून आणि कोंडावरून (कोंड म्हणजे गावातली छोटी वस्ती), आणि वाड्या नि कोंड तर कोकणात जागोजागी आहेत.

आता कागदपत्रांचे. घरातला सर्वात जुना शाळेचा दाखला आधी काढावा. त्यावर ‘जि. रत्नागिरी’ असेल तर गाव आजच्या सिंधुदुर्गातही असू शकते, कारण तो जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. रायगड त्याच वर्षापर्यंत कुलाबा होता. त्याआधीचे कागद हवे असतील तर गाव संस्थानात होते का ते पाहावे: कुडाळ सावंतवाडी संस्थानात, मुरूड-श्रीवर्धन जंजिऱ्यात. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ (जन्म-मृत्यू) आणि जुने फेरफार मागावेत. तिथे ‘रामा बिन बाळू’ एवढेच, आडनावाशिवायही लिहिलेले असते, म्हणून वडील-आजोबांची नावे क्रमाने लिहून न्यावीत. कागद मोडीत असेल तर त्यावरून केळुसकर की केळूसकर हा वाद मिटणार नाही. मोडीत सहसा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करत नाहीत.

खरा त्रास वारस नोंदीला होतो. सातबारावर आजोबा जुन्या आडनावाने, नातवाचे आधार गावाच्या आडनावाने. पुष्कळ जण घाईने राजपत्रात नावबदल छापून घेतात आणि काम अडले की चकित होतात. राजपत्रातली नोंद अर्जदाराच्या नावाचा बदल दाखवते, आजोबांशी नाते जोडत नाही. त्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही आडनावे एकत्र असलेला एखादा जुना कागद लागतो. जातीच्या दाखल्यालाही हाच दुवा हवा असतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो नेमका जुन्या आडनावाचा निघतो.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. इंग्रजी स्पेलिंगवरून परत देवनागरीत उतरवलेली आडनावे छापू नयेत. त्या प्रवासात काळसेकरांचे कलसेकर होतात, वालावलकरांचे वालवलकर, आणि मालवण तालुक्यातले काळसे, कुडाळातले वालावल आडनावातून पुसले जाते. तेंडुलकरांचे हिंदीत तेंदुलकर झालेच आहे, ते मराठीत येऊ देऊ नये. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ, म्हणून राजापूरकरही दीर्घच. निधनवार्तेत आणि जमिनीच्या जाहीर नोटिशीत ‘मूळ गाव शिरोडा’ एवढ्यावर न थांबता तालुका आणि माहीत असेल तर आधीचे आडनाव छापावे. चार शब्दांची जागा लागेल.

आपले,
मोडी कागद वाचणारे काही वाचक, मालवण