हळहळीपुढची बातमी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दूरदेशीच्या दुर्घटना वाचून वाचून वाचकांची मने बोथट झाली आहेत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ती अगदीच खोटी नसली, तरी सारे खापर वाचकांच्या माथी फोडणे मला पटत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये लिबियातील देर्ना शहराच्या वरची दोन धरणे ‘डॅनियल’ वादळाच्या पावसात एका रात्रीत फुटली आणि शहराचा मोठा भाग समुद्रात वाहून गेला. दोनच दिवस आधी मोरोक्कोत भूकंप झाला होता. एका शोकाने दुसऱ्याला बाजूला सारले आणि पुढच्या आठवड्यात आपल्याकडे गणपती बसले, तोवर दोन्ही विषय मागे पडले होते. सण कोणी पुढे ढकलावा असे मी म्हणत नाही; पण मुळात लक्षात ठेवण्यासारखे आपल्या हाती काय आले होते? केवळ आकडा, आणि तोही कच्चा : संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने आधी ११,३०० मृत्यू सांगितले आणि लगेच ती संख्या सुमारे ४,००० वर आणली, कारण हजारो माणसे बेपत्ताच होती.

पुणेकरांना तर ही घटना परकी वाटायचे कारण नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले. देर्नातही आधी वरचे अबू मन्सूर धरण फुटले व मग शहरालगतचे अल्-बिलाद. ही धरणे १९७० च्या दशकातील होती, आणि त्यांची डागडुजी झाली नाही तर शहराला धोका आहे, असा इशारा तिथल्याच एका अभियंत्याने २०२२ मध्ये शोधनिबंधातून दिला होता. जुलै २०२४ मध्ये देर्नाच्या न्यायालयाने आजी-माजी १२ अधिकाऱ्यांना ९ ते २७ वर्षांच्या कारावासाच्या शिक्षा सुनावल्या. तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर ठपका ठेवलेला ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही बातमी खरे तर मोठ्या उत्सुकतेने वाचली असती. माझ्या ओळखीच्या कोणाला मात्र ती ठाऊकही नाही.

छायाचित्र पाहून दाटलेली हळहळ दोन दिवसांत ओसरणारच. दुर्घटना का घडली, कोणी दुर्लक्ष केले आणि वाचलेल्यांचे पुढे काय झाले, हे कळले तरच ती माणसे आपल्या लेखी आकड्यापलीकडे उरतात. म्हणून अशा मोठ्या दुर्घटनेची बातमी पहिल्या पानावर छापतानाच सहा महिन्यांनी व वर्षाने तिचा पाठपुरावा छापण्याची तजवीज आपल्या दैनिकाने करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे