इस्त्रीचा शर्ट बघून टक्के ठरवू नका

मा. संपादक साहेब,

तुमच्या पेपरात दिव्यांग शिबिराचे फोटो पाहिले, तीनचाकी सायकली, कानाची मशिनं, चांगलंच आहे. पण 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजारही येतो हे आपल्या इंदूरच्या मराठी घरांत अजून कितीतरी जणांना माहीतच नाहीये, म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खूप चढतं, कधी पार खाली जातं.

दिव्यांग सर्टिफिकेट कशाला हवं, असं नातेवाईक विचारतात. "चांगला तर दिसतो, हातपाय धड आहेत, सरकारचे पैसे कशाला?" अहो, बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आता आईला फॅमिली पेन्शन मिळते, आईनंतर काय? ज्याला आजारामुळे कमावता येत नाही अशा मुलाला ती पेन्शन पुढे आयुष्यभर मिळू शकते, आणि आई आहे तोवरच आगाऊ मंजुरी घेऊन त्याचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, चढवता येतं. पण सगळं मेडिकल कागदावर अडतं.

तर पहिल्यांदा सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर गेलो तेव्हा आईने सवयीने त्याला दाढी करायला लावली, इस्त्रीचा निळा शर्ट घातला, कारण डॉक्टरांकडे जायचं म्हणजे नीट जायचं ही आपली पद्धत. आत विचारलं, आंघोळ स्वतः करता? हो. जेवता? हो. आज वार कोणता? मंगळवार. नोकरी? होती, सुटली. का सुटली? "जमेना." झालं, पुढचा नंबर. आई बाजूलाच पिशवी मांडीवर धरून बसली होती, तिला एक अक्षर विचारलं नाही. कागदावर दिव्यांगत्वाचे चाळीसपेक्षा कमी टक्के. आणि चाळीसच्या खाली म्हणजे बहुतेक फायद्यांना रामराम.

आता हाच मुलगा आधीच्या दिवाळीनंतर झोपेशिवाय रात्र रात्र फिरत होता, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत अनोळखी पोरांना गराडू आणि भुट्ट्याचा कीस खिलवत होता, बिल सगळ्यांचं हा देणार, पैसे कुठून तर मोबाईलच्या अॅपवर काढलेलं लोन, आणि त्याच्यानंतर जो खाली गेला तो थंडी संपेपर्यंत रजईतून बाहेर नाही, दात घासायलाही आईने हाताला धरून उठवायचं. हे बोर्डात कोणाला दिसणार? आजार चढउताराचा आहे आणि तपासणी एका सकाळची.

खरं म्हणजे नियम इतका वाईट नाहीये. मानसिक आजाराचे टक्के आयडियाज नावाच्या स्केलवर काढतात, त्यात चार गोष्टी बघायच्या, स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकीला 0 ते 4 गुण, वर आजाराच्या काळाचे गुण, एकूण 20. त्यातले 7 झाले की 40 टक्के. म्हणजे हा स्केल घरात काय चालतं तेच विचारतो, पण विचारणाऱ्याकडे वेळ हवा आणि घरच्यांनाही विचारायला हवं.

आणि एक गोष्ट मुद्दाम लिहिते. आम्हाला एकाने सल्ला दिला की बोर्डाच्या आधी गोळ्या बंद करा, मग "खरा" आजार दिसेल. कृपा करून कोणी असलं करू नका! लिथियम, म्हणजे त्याचं मुख्य औषध, एकदम बंद केलं तर माणूस परत चढतो किंवा कोसळतो आणि जिवावरही बेतू शकतं. गोळ्या वेळेवर घेतो, रक्तातली लिथियमची लेव्हल आणि थायरॉइड तपासून घेतो, म्हणून त्या सकाळी नीट बोलतो, आणि नीट बोलतो म्हणून टक्के कमी. औषध इमानदारीने घेण्याची ही शिक्षा आहे की काय?

दुसऱ्या वेळी आम्ही फाइल करून गेलो. जुन्या पर्च्या तारखेने लावल्या, भरती होता तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, ऑफिसने कामावरून काढल्याचं पत्र, लोनच्या वसुलीच्या नोटिसा, त्याच्या नेहमीच्या सायकॅट्रिस्टची चिठ्ठी. आणि आईने शाळेच्या वहीच्या पानांवर तिच्या अक्षरात लिहिलं, कोणत्या महिन्यात काय झालं, किती दिवस अंघोळ नाही, कोणाशी भांडला, कोणाला ओळख दाखवली नाही. मराठीत लिहिलेलं, मी खाली हिंदीत करून दिलं. या वेळच्या डॉक्टर मॅडमनी ते पूर्ण वाचलं आणि आईला समोर बसवून विचारलं. टक्के चाळीसच्या वर लागले. भाऊ तोच, शर्टही बहुतेक तोच.

ज्यांना कमी टक्के लागलेत त्यांनी गप्प बसू नये, कायद्याच्या कलम 59 मध्ये अपील आहे. सर्टिफिकेटचा अर्ज आता यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर ऑनलाइनच होतो, आधार आणि फोटो तयार ठेवा. फार मोठ्या आशेवर मात्र राहू नका, केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन 80 टक्के आणि बीपीएल असेल तरच, आणि त्यात केंद्राचे 300 रुपये, तेवढ्यात महिन्याच्या गोळ्याही येत नाहीत. सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षणात मानसिक आजाराचाही वाटा आहे, तो कुठे भरला गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

माझी मागणी साधी आहे. मानसिक आजाराच्या अर्जात घरच्या माणसाचं म्हणणं लिहायला एक पान असावं आणि ते बोर्डाने वाचून त्यावर सही करावी. शिबिराची बातमी छापता तेव्हा यूडीआयडीच्या माहितीसोबत मानसिक आजाराचंही नाव घाला, आणि जमलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही छापा, फुकट आहे.

नाव छापू नका, भावाचं लग्नाचं बोलणं अजून पूर्ण सुटलेलं नाही असं आईला वाटतं.

एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर