नकोशा कॉलचा जाब, कॉल करवून घेणाऱ्याला विचारा

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,
सविनय नमस्कार.

नकोशा व्यावसायिक कॉलना आळा घालण्यासाठी आपल्या मंत्रालयाने जून २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा जनतेपुढे ठेवला होता. कॉल करणाऱ्याइतकाच तो करवून घेणारा, ज्याच्या नावाने तो होतो तो आणि ज्याला त्यातून लाभ मिळतो तो, या सर्वांना जबाबदार धरण्याची त्यातील भूमिका मला सर्वांत मोलाची वाटते. ही भूमिका मार्गदर्शक तत्त्वांपुरती न ठेवता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दुरुस्ती करून कलमाच्या रूपात आणावी, अशी माझी विनंती आहे.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या नियमांतील फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रार करण्याची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवस झाली, नोंदणी नसलेल्या कॉलकर्त्यावरील कारवाईचा अवधी ३० दिवसांवरून ५ दिवसांवर आला आणि ऑटो-डायलर (आपोआप नंबर लावणारी यंत्रणा) वापरणाऱ्याने मोबाईल कंपनीला आधी कळवणे बंधनकारक झाले. परंतु ही सारी यंत्रणा प्रामुख्याने नंबरच्या मागे धावते. एक नंबर बंद पडला की दुसऱ्यावरून तेच कर्ज, तोच विमा, तोच प्लॉट विकायला येतो, आणि ज्याचा माल विकला जात असतो त्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा त्रास वेगळाच आहे. समोर माणूस असेल तर त्याला ‘नको’ म्हणता येते, प्रसंगी चार शब्द सुनावता येतात. यंत्राला मात्र ऐकूच येत नाही. ‘अधिक माहितीसाठी एक दाबा’ एवढेच ते म्हणत राहते, आणि नकार देण्यासाठी कोणते बटण दाबायचे हे बहुतेक वेळा सांगतच नाही. साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या आईने या जाचाला कंटाळून अनोळखी नंबर उचलणेच सोडून दिले आणि त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेल्याचे कळवणारा रुग्णालयाचा फोनही तिने घेतला नाही. उपाशीपोटी रिक्षाने ती तिथवर गेली आणि तशीच परत आली. या मनस्तापाची नोंद १९०९ या क्रमांकावरील कोणत्याही तक्रारीत होत नाही.

म्हणून कायद्यात काही गोष्टी स्पष्ट हव्यात. कॉल कोणाच्या वतीने आहे हे पहिल्याच वाक्यात, ग्राहकाला कळणाऱ्या भाषेत सांगितले जावे. संमती स्वतंत्रपणे घेतलेली असावी. कर्जाच्या अर्जातील बारीक अक्षरांत दडवलेली संमती ग्राह्य धरू नये. ती काढून घेणे एका बटणाइतके सोपे असावे, आणि संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यावसायिकावर असावी.

सर्वांत महत्त्वाची बाब भरपाईची. दंड सरकारजमा होतो, ग्राहकाच्या हाती काही लागत नाही, आणि एका कॉलसाठी जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी कोण चढणार? अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने अशा प्रत्येक बेकायदा कॉलमागे ५०० डॉलरपर्यंत भरपाई थेट ग्राहकाला मागता येते आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी ती तिप्पट होऊ शकते. आपल्याकडील रक्कम आपल्या परिस्थितीनुसार ठरवावी, पण ती कायद्यातच नमूद असावी आणि सिद्ध झालेल्या तक्रारीनंतर वेगळा दावा न लावता ग्राहकाच्या खात्यात जमा व्हावी. दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात या तरतुदीचा समावेश करून तो मराठीसह सर्व भारतीय भाषांत हरकती-सूचनांसाठी खुला करावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक ग्राहक, पुणे